रक्त ‘ओ’, तरी ‘ओ’ चालेना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सुधागड तालुक्यातल्या एका वाडीवरची बाई माझ्याकडे आली. आठवा महिना, हिमोग्लोबिन जेमतेम सहा. कार्डावर रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’. एवढ्या कमी रक्तावर बाळंतपण इथे करणे धोक्याचे, म्हणून चिठ्ठी देऊन तिला मुंबईला पाठवले. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा फोन आला.

“डॉक्टर, इथं ओ गटाच्या पिशव्या आहेत, पण हिला एकही जुळत नाही म्हणतात. सारखं तपासायला रक्त काढतात. आमच्यावर प्रयोग तर करीत नाहीत ना?”

हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी ऐकावा लागतो. मोठे हॉस्पिटल म्हणजे शिकाऊ डॉक्टर आणि प्रयोग, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्यामुळे कित्येक जण चिठ्ठी खिशात घालतात आणि घरीच बसतात. म्हणून आज परळच्या केईएम रुग्णालयाविषयी आणि तिथल्या संशोधक डॉक्टरांविषयी लिहितो.

केईएम आणि त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही शंभर वर्षांची संस्था. रुग्णालय सुरू झाले 1926 मध्ये. देणगीदारांची अट अशी होती की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत. इंग्रजी अमदानीत ही अट घालायला छाती लागली असणार!

आता त्या बाईचे रक्त का जुळेना ते सांगतो. तांबड्या पेशींवर ए आणि बी असे दोन पदार्थ असतात, हे आपण शाळेत शिकतो. दोन्ही नसले की गट ‘ओ’. पण या दोहोंच्या मुळाशी ‘एच’ नावाचा तिसरा पदार्थ असतो, तो ओ गटाच्या पेशींवर तर भरपूर असतो. क्वचित एखाद्या माणसात हा एच मुळातच नसतो. नेहमीच्या तपासणीत त्याचा गट ‘ओ’ दिसतो. परंतु त्याच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडे तयार असतात. अशा माणसाला ओ गटाचे रक्त दिले तर त्या पेशी अंगात फुटतात आणि जिवावर बेतते. 1952 मध्ये केईएमच्या विकृतिशास्त्र विभागातले डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया आणि त्यांच्या विलायतेतल्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा नवा गट जाहीर केला. सापडला मुंबईत, म्हणून जगभर त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. शहराचे नाव बदलले, गटाचे तेच राहिले. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो.

तेव्हा त्या बाईचे रक्त पुन्हा पुन्हा काढत होते ते याचसाठी. देण्याआधी पिशवीतले रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहण्याची पद्धत आहे, क्रॉसमॅच म्हणतात. ती केली नसती, कार्डावर विसंबून पिशवी लावली असती, तर मला हा लेख लिहायचे धैर्य झाले नसते. केईएमच्याच आवारात केंद्र सरकारची राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तशास्त्र संस्था आहे. दुर्मिळ गटाच्या रक्तदात्यांची नोंद तिथे ठेवतात.

केईएमचेच दुसरे नाव डॉ. रुस्तम जाल वकील. हृदयरोगतज्ज्ञ. आपल्या रानात वाढणारी सर्पगंधा वैद्यांना ठाऊक होतीच, पण उच्च रक्तदाबावर ती खरोखर किती चालते हे वकिलांनी रुग्णांवर पद्धतशीर मोजून पाहिले आणि 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लिहिले. मग जगाचे लक्ष गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसरपीन वेगळे काढले गेले आणि 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मात्र हे वाचून कोणी मुळ्या उगाळू नयेत. या औषधाने काही रुग्णांचे मन खचते, उदासी येते, हेही पुढे लक्षात आले. आज रक्तदाबावर त्याहून चांगल्या गोळ्या आहेत.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 1968 च्या फेब्रुवारीत इथेच हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून 1986 मध्ये इथेच टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ते सर्वांना माहीत आहे.

डॉ. शरदिनी डहाणूकर मराठी वाचकांना लेखिका म्हणून परिचित. त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापिका. शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट आणि डॉ. निर्मला रेगे यांच्याबरोबर त्यांनी पित्तमार्ग अडून झालेल्या काविळीत शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेलीचा उपयोग होतो का, ते तपासले. कोकणात गुळवेल कुंपणाकुंपणाला, म्हणून मुद्दाम सांगतो: 2021 मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. करोनाच्या भीतीने लोक पेलेच्या पेले पीत होते. वनस्पती तीच, पण कोणाला, किती, किती दिवस, हे कोणीतरी मोजावे लागते.

मोजायला परळच हवे असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये आले आणि विंचूदंशाचे रुग्ण पाहून नोंदी ठेवू लागले. लाल विंचवाच्या विषाने घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, मग फुप्फुसात पाणी. प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने असे रुग्ण वाचतात, हे त्यांनी दाखवले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू उतरवणाऱ्याकडे तासभर घालवणाऱ्यांनी हे घरच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

राहिला प्रयोगाचा प्रश्न. संशोधनात रुग्णाला घ्यायचे तर त्याला समजेल अशा भाषेत कागद वाचून दाखवावा लागतो आणि सही किंवा अंगठा घ्यावा लागतो. “नको” म्हटले तरी उपचार तोच मिळाला पाहिजे. शंका असेल तर सही करण्याआधी बेलाशक विचारा, “हे उपचारासाठी की अभ्यासासाठी?” आणि जाताना जुने सगळे कागद न्या, एक्स-रेसुद्धा. दर वेळी कोरी फाइल घेऊन गेलात तर प्राध्यापक तरी काय करणार?

त्या बाईच्या नवऱ्याला मी फोनवर एवढेच विचारले, “तिला सख्खी भावंडं किती?” हा गट आईबापांकडून उतरतो; एका भावंडात निघाला तर दुसऱ्यातही असण्याची शक्यता चारात एक. तिघांचे रक्त तपासले. दोघे साधे निघाले. धाकटा पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो, तो बॉम्बे निघाला. ऐन हंगामात मालकाकडून एक दिवसाची सुट्टी घेऊन तो मुंबईला गेला आणि बहिणीसाठी एक बाटली देऊन आला. त्याचा फोन नंबर माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.