शस्त्रक्रियेनंतरचा हात

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपवून एखादी स्त्री घरी परतली की, वडीलधारी मंडळी तिला बजावतात, "त्या हाताने काही उचलू नकोस हो!" पाण्याची कळशी दुसरे कोणी उचलते, कणकेची परात दुसऱ्या कोणाकडे जाते. या मायेत खोट नाही. किंबहुना पुष्कळ वर्षे डॉक्टरही हेच सांगत असत. परंतु या काळजीपायीच हात अधिक दुबळा होतो, असे आता दिसून आले आहे.

मुळात स्तनाच्या रोगाने हात का दुबळा व्हावा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथीही काढून टाकीत. आज हे स्नायू बहुधा शाबूत ठेवले जातात. तरीही काखेतील काही ग्रंथी काढाव्या लागतात, व्रण ओढ घेतो, किरणोपचाराने तेथील मांस घट्ट होते. आणि दुखते म्हणून हात अंगाशी धरून ठेवला की खांदा आखडतो व स्नायू झिजू लागतात. वेणी घालणे, फळीवरचा डबा काढणे अशा कामांत हे उणेपण प्रथम जाणवते.

भीतीचे खरे कारण मात्र निराळे. शरीरात पाझरलेला द्रव ज्या सूक्ष्म वाहिन्यांतून पुन्हा रक्तात जातो, त्या वाहिन्यांवरील नाकी म्हणजे या ग्रंथी. ती काढली की द्रव तुंबू लागतो आणि हात सुजतो. काखेतील ग्रंथींचा समूहच काढावा लागला, तर सुमारे पाचांपैकी एकीला ही सूज येते. तपासणीपुरत्या एकदोन काढल्या, तर हे प्रमाण पुष्कळच कमी. जड उचलल्याने सूज येते, हा समज त्यातून दृढ झाला.

या समजाला मोठा धक्का बसला तो १९९६ साली, कॅनडातील व्हँकुव्हर येथे. क्रीडावैद्यकाचे तज्ज्ञ डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी या रोगातून उठलेल्या २४ स्त्रियांच्या हाती वल्ही देऊन त्यांना लांबलचक चिनी 'ड्रॅगन' होडीत बसविले. वल्हविण्याइतके हाताला शिणविणारे काम क्वचितच असेल! तथापि कोणाच्याही हाताला नवी सूज आली नाही. २४ ही संख्या लहान खरी. पुढे २००९ साली फिलाडेल्फियातील डॉ. कॅथरिन श्मिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातील १४१ स्त्रियांचे हात आधीच सुजलेले होते. निम्म्या जणींनी आठवड्यातून दोनदा, आरंभी देखरेखीखाली आणि दाब देणारी बाही घालून वजने उचलली. त्यांची सूज वाढली नाही, ताकद मात्र वाढली. आणि सूज एकाएकी बळावण्याचा प्रसंग त्यांच्यापैकी १४ टक्के, तर इतरांपैकी २९ टक्के जणींवर आला.

अर्थात आरंभ हंड्याने करावयाचा नसतो. प्रथम केस विंचरणे, भिंतीवर बोटे चढवीत नेणे. जखम भरल्यावर डॉक्टरांच्या अनुमतीने अगदी हलके वजन, आणि मग हळूहळू वाढ. बांगड्या एकाच हाताला घट्ट होऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवावे. हात लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी.

थकव्याचा प्रश्न याहून अवघड, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. केस पुन्हा आले, उपचार संपले, मग ही अजून पडून का, असे घरच्यांना वाटते. तिला आळशी ठरविण्यापर्यंतही मजल जाते. वस्तुतः हा थकवा झोपेने जात नाही, आणि कित्येकदा महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे रेंगाळतो. रक्तक्षय, थायरॉइडचे मांद्य, झोपमोड किंवा मनाची खिन्नता त्यामागे आहे काय, हे आधी पाहावे लागते. त्यानंतर, चमत्कारिक वाटले तरी, सर्वांत गुणकारी ठरते ते रोजचे चालणे. अंथरुणात जितके अधिक पडून राहावे, तितके त्राण कमी होत जाते. मात्र असलेली शक्ती मोजून खर्चावी लागते. ज्या वेळी अंगात हुशारी असेल ती वेळ चालण्याला, हाताच्या व्यायामाला आणि आवडीच्या कामाला राखून ठेवावी. रात्रीची भांडी खुशाल दुसऱ्या कोणी घासावीत.