हत्यार घडवताना (भाग ७) : थर ओढणारं पातं

मागच्या आठवड्यात आपण हॅकसॉच्या तुटक्या पात्याची सुरी केली. सरळ काप घ्यायला ती उत्तम. पण आता मंदिराचं मॉडेल हाती घ्यायचं आहे आणि तिथे सरळ काप पुरत नाही. गंगाखेड तालुक्यातल्या धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर किंवा जिंतूर तालुक्यातली चारठाण्याची मंदिरं ज्यांनी पाहिली, त्यांना जोत्यावरचे दगडी थर आठवतील. कुठे घडीव फुगवटा, कुठे सुरीसारखी पातळ कणी, मधे सावली धरणारी खोल खाच. शिवाय हेमाडपंती मंदिराची भिंत सरळ जात नाही. ती ठरावीक अंतरावर पुढे येते, मागे सरते, आणि प्रत्येक कोपऱ्यावर सगळे थर तिच्याबरोबर वळतात.

मॉडेल करणाऱ्याचा हात अडतो तो याच कोपऱ्यावर. सुरीने कोरलेल्या दोन पट्ट्या हुबेहूब सारख्या होत नाहीत. ४५ अंशांत कापून त्या जोडल्या की केसाएवढा फरकही डोळ्यांत खुपतो. म्हणून थराचा आकार हाताने पुन्हा पुन्हा कोरायचा नाही. तो एकदाच पोलादात उतरवायचा आणि त्या पात्याने लाकूड खरवडायचं. असं पातं दुकानात मिळणार नाही. आपल्याला हव्या त्या मंदिराचा, हव्या त्या मापाचा थर आपणच घडवायचा असतो.

आधी माप. १:५० या प्रमाणात १ मीटर म्हणजे २० मिमी. १५ सेंमी उंचीचा थर ३ मिमी होतो आणि ५ सेंमीची खाच १ मिमी. हा आकार कागदावर काढा, पण उलटा. दगडाला जिथे फुगवटा तिथे पात्याला खळगा, दगडाला जिथे खाच तिथे पात्याला टोक.

पोलादासाठी भंगारातून सुताराची जुनी हातकरवत आणा. तिचा पत्रा स्प्रिंगसारखा लवचीक असतो, धार धरण्याइतका कठीण असतो आणि तरीही त्याला कानस लागते. हॅकसॉचं पूर्ण कडक पातं यासाठी नको, त्यावरून कानस नुसती घसरते. कुठलंही पोलाद पारखण्याची सोपी खूण हीच : कानस घसरली तर कठीण, चावली तर मऊ. आपल्याला या दोन्हींच्या मधलं हवं.

४० बाय २० मिमीचा तुकडा कापा. कडेला मार्करची शाई फासून त्यावर सुईने आकार आखा. तुकडा वाईसमध्ये घट्ट धरा आणि बारीक कानशींनी आकार काढा : खळग्याला गोल, खाचेच्या टोकाला तिकोनी, सरळ कडेला चपटी. कानस पत्र्याशी काटकोनात चालली पाहिजे. सुरीसारखा उतार इथे द्यायचा नाही. शेवटी काचेवर पाणी शिंपडून वॉटर पेपर पसरा, आधी ४००, मग ८०० नंबरचा, आणि पात्याच्या दोन्ही सपाट बाजू त्यावर घासा. कानशीने कडेला उठलेली बर निघाली आणि अंगठ्याच्या नखावर कड अडकली की धार आली.

माझं पहिलं पातं ग्राइंडरवर वाया गेलं. कानशीचे कष्ट वाचवायला गेलो आणि कड निळी पडून पुढे करडी झाली. आपल्याकडचे लोहार म्हणतात तसं पोलादाचं पाणी उतरलं होतं. त्या पात्याने चार हातही पट्टी खरवडली नाही. तेव्हापासून आकार मी कानशीनेच काढतो.

पातं सागवानाच्या दोन तुकड्यांमधे धरून दोन स्क्रूंनी आवळा. तुकडे काटकोनी कापा, म्हणजे त्यांची एक बाजू पट्टीच्या कडेला टेकून चालेल आणि पातं वाकडं जाणार नाही. पट्टीसाठी लाकूड दाट, बारीक रेषांचं घ्या. हळदू चांगला. पट्टी दुतर्फी टेपने काचेवर चिकटवा.

ओढायचं कसं, हे वखर हाकलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वखरावर जास्त भार दिला की फास रुतते आणि बैल अडतात. हलकी चालली तर ती मातीचा पापुद्रा उचलत जाते. पातंही तसंच : ओढायच्या दिशेने किंचित झुकलेलं, हात हलका, प्रत्येक फेरीला कागदासारखा कीस. भुसा येऊ लागला तर धार गेली, पुन्हा वॉटर पेपरवर घ्या. व्हायोलिन घडवणारे कारागीर लाकडाला शेवटचा नितळपणा देतात तो पोलादी पत्र्याने असंच खरवडून. खरवडणं हे हलकं काम नव्हे, सगळ्यात नाजूक काम आहे.

पन्नास-साठ फेऱ्यांनी थर पूर्ण उतरतो. मग पट्टीची दोन टोकं कापून कोपऱ्यात जुळवा आणि डोळे मिटून त्यावरून नख फिरवा. कणीवरून कणीवर, खाचेतून खाचेत नख न अडकता वळलं, तर पातं जमलं. अडकलं, तर पट्टीला दोष देऊ नका. पात्याची कड भिंगाखाली धरा, चूक तिथेच सापडेल.

पुढच्या आठवड्यात : शिलाईच्या सुईपासून अर्ध्या मिलिमीटरचं ड्रिल.