व्याख्यान घरी, परीक्षा आवारात

ॲडलेड, मार्च २०२६

मार्च हा या शहराचा जत्रेचा महिना. बागांमधून फ्रिंज कलामहोत्सवाचे तंबू लागतात, आणि त्याच गर्दीत विद्यापीठाचं नवं वर्ष सुरू होतं. यंदा तर विद्यापीठही नवं आहे. १८७४ साली स्थापन झालेलं युनिव्हर्सिटी ऑफ ॲडलेड आणि १९९१मध्ये तंत्रसंस्था व अध्यापन महाविद्यालयं एकत्र करून घडवलेलं युनिव्हर्सिटी ऑफ साउथ ऑस्ट्रेलिया यांचं विलीनीकरण होऊन जानेवारीपासून 'ॲडलेड युनिव्हर्सिटी' उभी राहिली. राज्य सरकारने त्यासाठी तिजोरी मोकळी केली.

खरी खळबळ मात्र २०२४मध्येच उडाली होती. नव्या विद्यापीठात पारंपरिक लेक्चरं राहणार नाहीत, त्यांच्या जागी विद्यार्थ्याने आपल्या सवडीने पुरे करायचे डिजिटल पाठ येतील, असं नियोजनातून बाहेर आलं. प्राध्यापकांची संघटना बिथरली. प्रशासनाने खुलासा केला की ट्युटोरियलं, कार्यशाळा, प्रयोगशाळा प्रत्यक्षच होतील. जाणार आहे ते फक्त दोनशे जणांपुढे एकाने बोलणं.

पण हे बोलणं ऐकण्याची सभागृहं ओस पडून बराच काळ झाला होता. लेक्चर आपोआप रेकॉर्ड करून विद्यार्थ्यांपर्यंत पोचवण्याच्या यंत्रणेवर पर्थच्या युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकाच्या अखेरीसच काम झालं. या देशाला दुरून शिकण्याची सवय तर त्याहून जुनी. मैलोन्मैल पसरलेल्या पशुपालनाच्या रानातल्या मुलांसाठी ॲलिस स्प्रिंग्जहून १९५१मध्ये रेडिओवरची शाळा सुरू झाली. त्यामुळे 'शिक्षक समोर हवाच' ही आपल्याकडची श्रद्धा इथे कधी तितकी घट्ट नव्हती.

तरीही सभागृहं रिकामी होण्याचं श्रेय मी यंत्राला देणार नाही. ते घरभाड्याला जातं. आधी फीचं बघू. पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारने १९७४मध्ये विद्यापीठाची फी रद्द केली होती. १९८९मध्ये ती कर्जाच्या रूपाने परतली. आधी शिका, मग पगार ठरावीक मर्यादेवर गेला की करासोबत फेडा. योजना शहाणपणाची, पण हे कर्ज महागाईबरोबर वाढतं. २०२१मध्ये मानव्यशास्त्रांची फी दुपटीहून जास्त केल्यावर तर इतिहास शिकणाराही कर्जात बुडू लागला. २०२५मध्ये सरकारला सगळ्यांचंच शिल्लक कर्ज वीस टक्क्यांनी कमी करावं लागलं. तरी फी पुढे फेडता येते, भाडं मात्र दर आठवड्याला द्यावं लागतं. परदेशी विद्यार्थ्याला कर्जाची ही सोयच नाही. त्याला पंधरवड्यात ४८ तास कामाची मुभा आहे. वृद्धाश्रमात रात्रपाळी करून आलेली मुलगी सकाळी नऊच्या लेक्चरला बसणार नाही. ती बसमध्ये ते दीडपट वेगाने ऐकते. तिला आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग गेलं काय? मला याच गावातले विल्यम हेन्री ब्रॅग आठवतात. १८८६मध्ये तेविशीतला हा गणिती इथे गणित आणि भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला. त्याला भौतिकशास्त्र बेताचंच येत होतं. शिकवायचं म्हणून तो शिकला. वर्गात दाखवायला उपकरणं हवीत म्हणून इथल्या उपकरणं बनवणाऱ्या कारागिरांकडे उमेदवारी करून ती स्वतः बनवू लागला. पुढे १९१५चं नोबेल त्याला मुलाबरोबर विभागून मिळालं. मुलगा लॉरेन्स इथेच जन्मला, इथेच शिकला. लेक्चरने विद्यार्थ्यांचं किती भलं होतं यावर वाद घालता येईल. पण दरवर्षी तोच विषय नव्याने मांडताना शिक्षक तयार होत असे. एकदा बनवलेला डिजिटल पाठ तीन-चार वर्षं चालतो. विषय कळायला लागण्याची ती जागाच त्यामुळे बुजते. या मुद्द्यावर प्रशासनाकडून काही ऐकायला मिळत नाही.

गंमत अशी की ज्या काळात शिकवणं आवाराबाहेर चाललंय, त्याच काळात परीक्षा आवारात परत येतेय. घरी लिहिलेला निबंध विद्यार्थ्याचा की कृत्रिम बुद्धिमत्तेचा, हे आता सांगता येत नाही. उच्च शिक्षणाच्या नियामक संस्थेने २०२४मध्ये सगळ्या विद्यापीठांकडून याबाबतचा कृती आराखडा मागवला. सिडनी विद्यापीठाने उघडच मूल्यमापनाचे दोन मार्ग केले. एक नजरेखालचा : लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, वर्गातलं काम. दुसरा मोकळा : घरी करायचं काम, त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता बिनदिक्कत वापरा. ज्यावर पहारा ठेवता येत नाही त्यावर बंदी घालायची नाही, हा त्यातला प्रामाणिकपणा मला आवडला. कोविडपूर्वी ॲडलेडची मुलं परीक्षेला वेव्हिलच्या प्रदर्शन मैदानावरच्या हॉलांमध्ये जात. सप्टेंबरात तिथे गुरं, मेंढ्या आणि झाडावर चढून लाकूड तोडण्याच्या स्पर्धा असतात. तशा मोठ्या हॉलांची गरज पुन्हा वाढणार असं दिसतं.

पण तोंडी परीक्षा घेणार कोण? ट्युटोरियलं घेणारे बहुतेक जण इथे 'कॅज्युअल', म्हणजे आपल्याकडचे तासिका तत्त्वावरचे सीएचबी प्राध्यापक. एक निबंध तपासायला किती मिनिटं हे आधीच ठरवून त्यावर पैसे मोजले जातात. अशा शिक्षकांची थकलेली मजुरी अलीकडे कित्येक विद्यापीठांना परत करावी लागली. लेक्चर गेल्यावर शिकवण्याचा सगळा भार ट्युटोरियलवर येतो, आणि ट्युटोरियलचा भार सर्वांत कच्च्या नोकरीवर. २०५०पर्यंत देशातल्या कामकऱ्यांपैकी ८० टक्के लोक शाळेपुढचं शिक्षण घेतलेले असावेत, असं लक्ष्य २०२४च्या सरकारी अहवालाने सुचवलंय. इतकी माणसं शिकवायची तर डिजिटल पाठ स्वस्त पडतो. घरी गेलेल्या लेक्चरांमधून वाचलेला पैसा ट्युटोरियलच्या शिक्षकाला कायम करण्यात घातला, तर या प्रयोगाला मी विरोध करणार नाही. तशी चिन्हं अजून दिसलेली नाहीत.

महाराष्ट्राला हे दूरचं वाटायचं कारण नाही. परदेशी विद्यापीठांना मुंबईत शाखा काढण्यासाठी जून २०२५मध्ये जी इरादापत्रं दिली गेली, त्यांत पर्थचं तेच युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आहे. डीकिन आणि वुलोंगाँग त्याआधीच गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत पोचलीत. प्रवेशाच्या चौकशीला जाणारे पालक जागतिक क्रमवारी विचारतील, नोकरीचं विचारतील. एका ट्युटोरियलला मुलं किती आणि ते घेणारा माणूस कायम आहे की तासावर, हेही त्यांनी जरूर विचारावं. लेक्चरं काय, पर्थहूनही येतील.