चारशे लिटरांचा समुद्र आणि पंधरा परार्ध फोटॉन

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र अशी चढत जाणारी संख्यास्थानांची यादी आहे. ती परार्धापाशी संपते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. एवढी मोठी संख्या व्यवहारात कुठे लागणार, असं वाटत असेल तर खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातल्या एका शिंपल्याचा हिशेब मांडून बघा. दहा सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असा त्याचा रंगीत पडदा उघडला, की त्यावर दर सेकंदाला सुमारे १५ परार्ध फोटॉन पडावे लागतात. फारच कमी पडत राहिले, तर तो हळूहळू खंगत जातो.

कोकणात कालवणाला मिळणाऱ्या तिसऱ्यांचा हा दूरचा नातेवाईक. ट्रायडॅक्ना कुळातले हे शिंपले हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या उथळ प्रवाळभित्तींवर राहतात. त्यांच्या निळ्या-हिरव्या मांसल पडद्यात, म्हणजे प्रावारात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी एकपेशीय शैवालं कोट्यवधींच्या संख्येनं वस्तीला असतात. शैवालं उजेडावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. शिंपला पाणी गाळूनही खातो, पण त्याची मुख्य कमाई उजेडाचीच.

या कुळातला सर्वांत थोर म्हणजे ट्रायडॅक्ना गिगास. १८१७च्या सुमारास सुमात्राच्या वायव्य किनाऱ्यावर सापडलेल्या एका गिगासची लांबी १३७ सेंटिमीटर होती आणि नुसत्या शिंपांचं वजन २३० किलो. हा प्राणी शंभर वर्षंही जगू शकतो. एका वेळी तो ५० कोटींपर्यंत अंडी सोडतो आणि प्रत्येक अंडं साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं. समुद्रातली गिगासची संख्या आहे तेवढीच राहायची असेल, तर एका शिंपल्यानं आयुष्यभर सोडलेल्या सगळ्या अंड्यांतून सरासरी एकच पिल्लू वाढून मोठं व्हायला हवं. बाकीची कोट्यवधी समुद्राच्या पोटात जातात. मत्स्यालयात येतात ती मुख्यतः याच कुळातली लहान भावंडं, मॅक्सिमा, क्रोसिया, स्क्वामोसा आणि डेरासा. पलाऊसारख्या बेटांवर १९८०च्या दशकापासून या शिंपल्यांची टाक्यांमध्ये पैदास होऊ लागली, तेव्हापासून छंदी लोकांना ते मिळू लागले.

आणि मग प्रश्न उभा राहिला की टाकी शिंपल्यासाठी तयार झाली हे ओळखायचं कसं?

आधी त्याचं मूळ घर केवढं आहे ते पाहू. पृथ्वीवरच्या समुद्रांत मिळून सुमारे १३३ कोटी घनकिलोमीटर पाणी आहे. घरातली बऱ्यापैकी मोठी टाकी चारशे लिटरांची. भागाकार केला तर समुद्र म्हणजे अशा ३३ परार्ध टाक्या. समुद्रात एका शिंपल्यानं काय घेतलं, एक मासा कुठे कुजला, दुपारी किती पाणी वाफ होऊन गेलं, याची खबरही लागत नाही. चारशे लिटरांत या प्रत्येक गोष्टीची नोंद होते. दिवसाला चार लिटर पाणी उडालं आणि आठवडाभर वरून गोडं पाणी घातलं नाही, तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेलं मीठ साडेसदतीसच्या वर जातं. मासा एक वेळ सोसेल. पण शिंपल्याला पोहून दुसरीकडे जाता येत नाही, आणि कवच मिटून घेतलं की त्याचा उजेडही बंद.

दुसरा हिशेब जिवाणूंचा. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. त्या मानानं आपल्या टाकीत ४० हजार कोटी हवेत. ते येतातही भराभर, पण कामाचे जिवाणू वेगळेच. विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे हे जिवाणू फार संथ वाढतात. ई. कोलायसारखा जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. असाच दिवसभर अडथळ्याविना वाढला, तर कागदावर एकाचे ४७ हजार परार्ध होतात. नायट्रीकरण करणाऱ्यांना एकदा दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस लागतो, म्हणजे तेवढ्याच वेळात एकाचे दोन, फार तर चार. नव्या टाकीतला अमोनिया शून्यावर यायला चार ते सहा आठवडे जातात ते यामुळे. पण शून्य अमोनिया ही फक्त पहिली इयत्ता. नायट्रेटही शून्यावर आलं, तर शिंपल्यातल्या शैवालांना नायट्रोजन मिळत नाही. फार स्वच्छ पाणीही त्याला मानवत नाही.

तिसरा हिशेब कवचाचा, आणि खरी परीक्षा इथे आहे. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. समजा शिंपल्याच्या कवचात १० ग्रॅमची भर पडली. त्यात ४ ग्रॅम कॅल्शियम असतं. चारशे लिटर पाण्यात कॅल्शियम असतं सुमारे १६८ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ४२० मिलिग्रॅमवरून ते ४१०वर आलं. फरक जेमतेम अडीच टक्के. पण त्याच १० ग्रॅमसाठी पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे कार्बोनेटांचा साठा, डीकेएच या मापात ८वरून ६.६वर घसरते. साडेसतरा टक्के! सुमात्राच्या त्या २३० किलोंच्या कवचात चारशे लिटरांच्या साधारण साडेपाचशे टाक्यांतलं सगळं कॅल्शियम आहे. अल्कलिनिटी मात्र खर्ची पडली ती चार हजार टाक्यांची. समुद्राला हे परवडतं. आपल्याला खर्ची पडेल तेवढी अल्कलिनिटी रोज मोजून परत टाकावी लागते.

चौथा हिशेब उजेडाचा. मत्स्यालयवाले उजेड ‘पार’ या मापात मोजतात. मीटरवर २५० दिसले, तर एक चौरस मीटरवर सेकंदाला २५० मायक्रोमोल फोटॉन पडताहेत. एक मायक्रोमोल म्हणजे ६ परार्ध. आपल्या शिंपल्याचा पडदा चौरस मीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणून त्याच्या वाट्याला अडीच मायक्रोमोल, म्हणजेच १५ परार्ध. विषुववृत्ताजवळ भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर एवढ्याच जागेत १२० परार्ध पडतात. इतक्या उन्हात शैवालं करपत कशी नाहीत? पडद्यातल्या खास चकचकीत पेशी उजेड आत आणि आजूबाजूला पसरवतात, आणि शैवालांच्या उभ्या खांबांना तो बेताबेतानं मिळतो. येल विद्यापीठातल्या अ‍ॅलिसन स्वीनी यांच्या गटानं २०२४ साली या रचनेचं गणिती प्रारूप मांडलं. त्यात उजेड वापरण्याची कार्यक्षमता ६७ टक्क्यांपर्यंत गेली.

मग टाकी तयार कधी? अनुभवी लोक सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात, पण कॅलेंडर हा पुरावा नव्हे. अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट थोडं, मीठ ३५, तापमान २५ ते २७ अंश, कॅल्शियम ४०० ते ४५०, अल्कलिनिटी ८ ते ९ हे आकडे एक दिवस जुळवणं सोपं आहे. पुड्या टाकल्या की जुळतात. जुळलेले आकडे महिनाभर हलता कामा नयेत. रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजून लिहून ठेवा. टाकी रोज किती खाते हे ठरलेलं दिसलं आणि तेवढंच परत टाकून रेघ सरळ राहिली, तर ते चारशे लिटर समुद्रासारखे वागू लागले असं समजावं. दगडांवर आणि काचेवर गुलाबी चुनेरी शैवाल धरू लागलं, तर ती दुसरी खूण, कारण त्याला लागणारा माल शिंपल्याच्याच कवचाचा आहे.

एक गोष्ट भारतातल्या वाचकांसाठी. ट्रायडॅक्ना मॅक्सिमा आणि स्क्वामोसा आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारला आहेत, आणि २००१ साली ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. समुद्रातून काढलेला शिंपला कुणी विकायला आणला, तर तो घेऊ नका. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात टाकी सांभाळणाऱ्या मराठी मंडळींनी पैदास केंद्राचा कागद मागावा. आणि महिन्याची अल्कलिनिटीची नोंद सरळ रेघेत आल्याशिवाय पाकिटाला हात घालू नये.