समुद्रावरचा पहारा (लेखांक ७) : कॅटलिनाचा अर्धवट संदेश

मागच्या लेखात काफिल्यांवर टपलेल्या पाणबुड्या पाहिल्या. आता वर बघू. दुसऱ्या महायुद्धात सागरी टेहळणीसाठी अमेरिकेच्या कॅटलिनाइतके दुसरे कुठले विमान क्वचितच वापरले गेले असेल. आयझॅक लॅडनने रचलेले हे विमान १९३५ साली पहिल्यांदा उडाले आणि पुढे तीन हजारांहून जास्त बांधले गेले.

त्याचे पोट म्हणजे सरळ होडीच. पंख पोटाला चिकटलेला नाही, वर उचलून धरलेला. दोन्ही इंजिने त्यावर, कारण पाण्यातून उडताना उसळणारे तुषार पंख्यांपर्यंत पोचता कामा नयेत. पंखांच्या टोकांना आधाराचे तरंगे असत. हवेत गेल्यावर तेच वर वळून पंखाची टोके बनत. मागे दोन्ही बाजूंना काचेचे मोठे फुगवटे, तिथे बसून समुद्र न्याहाळायचा. गस्तीचा वेग ताशी जेमतेम दोनशे किलोमीटर. लढाऊ विमानांनी गाठले तर संपलेच! पण अख्खा दिवस हवेत काढायची ताकद मोठी. आत झोपायला जागा होती, अन्न गरम करायला शेगडीही.

१९४१ च्या मे महिन्यात अटलांटिकवर हरवलेली बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका कॅटलिनानेच हुडकली. आपल्याला जवळची कथा मात्र सिंहलद्वीपची, म्हणजे तेव्हाच्या सिलोनची. ४ एप्रिल १९४२ रोजी कॅनडाच्या हवाई दलाचा लिओनार्ड बर्चल कॅटलिना घेऊन तिथल्या कोग्गलाच्या सरोवरातून उडाला. तिथे येऊन त्याला दोनच दिवस झाले होते. गस्त संपत आली असताना दक्षिणेकडे क्षितिजावर ठिपके दिसले. खात्री करायला तो जवळ गेला, तर समोर जपानी नौसेनापती नागुमोचे आरमार, विमानवाहू नौकांसकट! जपानची झीरो लढाऊ विमाने अंगावर येत असतानाच संदेश सुटू लागला. पुरा होण्याआधीच बिनतारी यंत्र निकामी झाले आणि विमान पाडले गेले. विमानातल्या नऊ जणांपैकी सहा वाचले आणि युद्ध संपेपर्यंत जपानच्या कैदेत राहिले.

दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर बाँब पडले तेव्हा त्या अर्धवट संदेशामुळे बरीचशी जहाजे बंदर सोडून गेली होती. बर्चलला ‘सिलोनचा तारणहार’ म्हणतात ते यामुळे. मला हा किताब जरा सैल वाटतो. जपानला तेव्हा बेट जिंकायचे नव्हते, ब्रिटिश आरमार बुडवायचे होते. शिवाय इशारा मिळूनही कोलंबोजवळच्या रत्मलाना तळावरची ब्रिटिश लढाऊ विमाने जमिनीवरच गाठली गेली. इशाऱ्यानंतर कोलंबोहून निघालेल्या डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या क्रूझर भर समुद्रात बुडाल्या. चारशेहून अधिक खलाशी गेले. बर्चलचे काम चोख होते. खबर हाती आल्यावर पुढे जे घडले, त्याचा दोष त्याच्या माथी नाही.

पुढील आठवड्यात : याच कोग्गलाहून पर्थपर्यंत, सत्तावीस ते तेहतीस तास न थांबता उडणारी क्वांटासची कॅटलिना.