हरण्याचा भाव: बास्केटबॉल संघाची पुनर्बांधणी आणि ड्राफ्ट पिक

आज क्रिकेट नाही, कबड्डीही नाही. आज अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलकडे, म्हणजे एनबीएकडे जायचं आहे. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नसेल त्यांनीही थांबा, कारण आज चेंडू फारसा हातात येणार नाही. आजचा विषय व्यवहाराचा आहे. रसातळाला गेलेला संघ पुन्हा उभा करायचा असेल, तर त्याच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू कोणती? गंमत अशी की ती वस्तू बऱ्याचदा अजून शाळेत असते.

२७ जून २०१३. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातलं बार्कलेज सेंटर. एनबीएचा त्या वर्षीचा ड्राफ्ट तिथे चालू होता आणि ते ब्रुकलिन नेट्स या संघाचं घरचं मैदान. संघाचे मालक मिखाइल प्रोखोरोव हे रशियन अब्जाधीश. २०१० मध्ये संघ विकत घेताना त्यांनी पाच वर्षांत विजेतेपद आणण्याची भाषा केली होती, आणि घड्याळ पुढे सरकत होतं. त्या रात्री नेट्सने बोस्टन सेल्टिक्सशी सौदा ठरवला. नेट्सला मिळाले केविन गार्नेट, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी. नावं मोठी, पण गार्नेट ३७ वर्षांचा आणि पिअर्स ३५ वर्षांचा. बदल्यात बोस्टनला काही साधे खेळाडू मिळाले, आणि शिवाय नेट्सची २०१४, २०१६ आणि २०१८ ची पहिल्या फेरीची पिकं. २०१७ साठी आणखी एक अट होती: दोघांच्या पिकांपैकी ज्याचा क्रमांक वरचा, ते बोस्टनने घ्यायचं. याला स्वॅप म्हणतात.

हे पिक म्हणजे काय ते आधी सांगतो. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. तिथे ज्याच्या थैलीत पैसे जास्त, तो बोली चढवतो. एनबीएमध्ये नवे खेळाडू लिलावाने येत नाहीत, पाळीने येतात. दरवर्षी जूनमध्ये कॉलेजातले आणि परदेशातले तरुण खेळाडू समोर असतात, आणि तीस संघ एकेक करून निवड करतात. दोन फेऱ्या होतात. तुमची पाळी म्हणजे तुमचं पिक. साधारण नियम असा की जो संघ जास्त हरला त्याची पाळी आधी. हेतू चांगला आहे, दुबळ्याला हात मिळावा. पण मग मुद्दाम हरण्याचा मोह होणार हे उघड आहे. म्हणून वरचे क्रमांक सोडतीने ठरतात, आपल्या म्हाडाच्या घरांसारखे. प्लेऑफ न गाठलेले १४ संघ सोडतीत असतात.

आता पिकाला एवढा भाव का? पहिलं कारण कौशल्याचं नाही, पगाराचं आहे. एनबीएत संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. २०२३-२४ मध्ये ती सुमारे १३ कोटी ६० लाख डॉलर होती. स्टीफन करीसारख्या मुरलेल्या खेळाडूचा त्या वर्षीचा पगार होता जवळजवळ ५ कोटी २० लाख. आणि त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला व्हिक्टर वेम्बन्यामा? सुमारे १ कोटी २० लाख. कारण पहिल्या फेरीतल्या नवख्यांचा पगार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे असतो आणि तो करार चार वर्षांपर्यंत चालतो. म्हणजे मुलगा खरोखर मोठा निघाला, तर चार वर्षं तुम्हाला तारा एक चतुर्थांश भावात मिळतो आणि उरलेल्या पैशांत बाकीचा संघ बांधता येतो.

दुसरं कारण असं की पिक चलनासारखं चालतं. ते विकता येतं, गहाण ठेवल्यासारखं देता येतं, अटी घालून देता येतं. उदाहरणार्थ, क्रमांक पहिल्या दहात आला तर पिक माझंच, नाही आला तर तुमचं. याला संरक्षित पिक म्हणतात. नेट्सने जी पिकं दिली त्यांना असं कुठलंही संरक्षण नव्हतं. मराठीत लिहिताना माझा हात 'पिक'च्या जागी 'पीक' लिहायला जातो, आणि शेतकऱ्याच्या घरातला कुणीही सांगेल की पेरणीआधीच पीक विकणाऱ्याची वेळ बहुधा चांगली नसते.

नेट्सची वेळ कशी गेली ते ऐका. पहिल्या वर्षी ४४ विजय, प्लेऑफची एक फेरी जिंकली, दुसऱ्या फेरीत मायामीने ४-१ ने गारद केलं. पिअर्स एका हंगामानंतर वॉशिंग्टनला गेला. गार्नेट २०१५ च्या फेब्रुवारीत मिनेसोटाला. मग संघ कोसळला. २०१५-१६ मध्ये ८२ पैकी २१ विजय, पुढच्या वर्षी २० विजय, लीगमध्ये सगळ्यात कमी.

आता इथे थांबा, कारण आजचा खरा मुद्दा इथे आहे. हरणं ही एनबीएत नुसती नामुष्की नसते, ती एक ठेव असते, पण पिक तुमच्या खात्यावर असेल तरच. नेट्स हरत होते आणि व्याज बोस्टनच्या खात्यात जमा होत होतं. २०१६ मध्ये नेट्सचं पिक तिसऱ्या क्रमांकावर आलं, बोस्टनने जेलन ब्राउन घेतला. २०१७ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर आलं, स्वॅपने तेही बोस्टनचं झालं. आणि त्या हंगामात बोस्टनची स्वतःची स्थिती काय होती? ५३ विजय आणि पूर्व विभागात अव्वल! विभागातला पहिला संघ आणि ड्राफ्टची पहिली पाळी, दोन्ही एकाच घरात.

पुढची गोष्ट आपल्या मुंबईपर्यंत येते. सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स, ते काहींना आठवत असतील. तर याच किंग्जने २०१५ च्या उन्हाळ्यात घाई केली. त्यांना नामवंत खेळाडू घ्यायला पगाराची जागा हवी होती. म्हणून तीन खेळाडू त्यांनी फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सकडे जवळजवळ फुकट पाठवले, आणि फिलाडेल्फियाने ते ओझं उचलावं म्हणून वर एक भविष्यातलं पिक आणि दोन वर्षांचे स्वॅप दिले. मोकळ्या जागेत राजॉन राँडो आला आणि एका हंगामात निघूनही गेला. २०१७ च्या सोडतीत किंग्जचं नशीब उघडलं, क्रमांक तिसरा आला. पण स्वॅप होता ना! तो तिसरा क्रमांक फिलाडेल्फियाने घेतला आणि किंग्जच्या हाती पाचवा ठेवला.

त्यानंतर फिलाडेल्फियाने तो तिसरा क्रमांक आणि आणखी एक भावी पिक बोस्टनला देऊन पहिला क्रमांक घेतला. त्यांना मार्केल फुल्ट्झ हवा होता. बोस्टनला जेसन टेटम हवा होता आणि तो तिसऱ्यावरही मिळेल असा त्यांचा हिशेब होता. फुल्ट्झचा खांदा बिघडला, फिलाडेल्फियासाठी तो ३३ सामने खेळला. टेटम आणि ब्राउन यांनी २०२४ मध्ये बोस्टनला विजेतेपद मिळवून दिलं. म्हणजे बोस्टनचे दोन्ही खांब दुसऱ्यांच्या अडचणीतून उभे राहिले. एक ब्रुकलिनच्या, दुसरा थोडा ब्रुकलिनच्या आणि थोडा सॅक्रामेंटोच्या. त्यासाठी बोस्टनला स्वतः तळाला जावं लागलं नाही.

तळाला जाण्याचा रस्ता फिलाडेल्फियाने घेतला होता. सॅम हिंकी २०१३ मध्ये तिथे आले आणि त्यांनी उघडपणे दूरचा हिशेब मांडला. चांगले खेळाडू विकले, पिकं गोळा केली. तीन हंगामांतले विजय १९, १८ आणि १०. मधे दोन हंगामांत मिळून सलग २८ पराभव. विचार करा, तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाने हे तीन वर्षं पाहायचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये हिंकी राजीनामा देऊन गेले. हाती आलेल्यांपैकी जोएल एम्बीड खरोखर सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणारा निघाला. पण त्याच्या भोवती उभा राहिलेला संघ प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपलीकडे गेला नाही. माझं मत असं की हिंकींचं गणित चुकीचं नव्हतं, पण गणितात मुलांचे गुडघे, खांदे आणि मनं धरायची असतात, ती त्यात मावत नाहीत.

लीगनेही मग धडा घेतला. आधी सगळ्यात वाईट संघाला पहिल्या क्रमांकाची २५ टक्के संधी असे. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्के केली. शेवटून पहिला आलेला संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो, आणि तशी शक्यता ४८ टक्क्यांच्या आसपास. २०२३, २०२४ आणि २०२५, तिन्ही वर्षी नेमकं तेच घडलं: दोनदा डेट्रॉइट, एकदा युटा, तळाचा संघ थेट पाचवा. उलट २०२५ मध्ये डॅलसला १.८ टक्के संधी होती आणि पहिला क्रमांक त्यांना लागला.

शिवाय क्रमांक म्हणजे खेळाडू नव्हे. २०१३ चा पहिला क्रमांक अँथनी बेनेट होता, त्याची कारकीर्द चार हंगामांत संपली. त्याच ड्राफ्टमध्ये यानिस अंतेतोकुंपो पंधरावा होता. निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा. २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर पंजाबच्या सतनाम सिंगला निवडलं, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याला मिळाला नाही. म्हणून शहाणा संघ एका सोनेरी क्रमांकावर जुगार खेळत नाही, हाताशी खूप पाळ्या ठेवतो.

ओक्लाहोमा सिटी थंडरने तेच केलं. २०१९ च्या जुलैमध्ये त्यांच्या पॉल जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे जायचं होतं. क्लिपर्स उतावळे, कारण जॉर्ज आला तरच कवाय लेनर्ड येणार होता. थंडरचे सॅम प्रेस्टी यांनी हा उतावळेपणा ओळखला आणि पाच पहिल्या फेरीची पिकं, दोन स्वॅप, शिवाय शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एक वर्ष खेळलेला मुलगा मागितला. मिळाला. दोन हंगाम थंडर भरपूर हरले, २२ आणि २४ विजय. तेवढ्यात स्वतःच्या पिकाने दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन आला, आणि क्लिपर्सच्या पिकाने बाराव्यावर जेलन विल्यम्स. त्यानंतर ४०, ५७, ६८ विजय, आणि २२ जून २०२५ रोजी विजेतेपद. शे हा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. लक्षात घ्या, संघाचा मुख्य खेळाडू त्यांनी ड्राफ्टमध्ये निवडलेला नव्हता. तो सौद्यात आला होता, ज्या सौद्याला सगळे पिकांचा सौदा म्हणत होते. फिलाडेल्फियाहून मोठा फरक मला हा दिसतो की प्रेस्टींकडे स्वतःच्या पराभवांपेक्षा इतरांच्या घाईचा साठा जास्त होता.

आता परत ब्रुकलिनला. नेट्सने पिकं नसतानाही कष्टाने संघ उभा केला, २०१९ मध्ये प्लेऑफ गाठली, केविन ड्युरंट आणि कायरी अर्विंग आले. आणि २०२१ च्या जानेवारीत काय केलं? जेम्स हार्डनसाठी ह्यूस्टनला तीन पहिल्या फेरीची पिकं आणि चार स्वॅप दिले. पुन्हा तेच! २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत तिघेही गेलेले होते आणि पिकं ह्यूस्टनकडे.

या वेळी मात्र त्यांनी वेगळी पायरी घेतली. २०२४ च्या जूनमध्ये मिकाल ब्रिजेस हा चांगला खेळाडू शेजारच्या निक्सला देऊन पाच पिकं घेतली. त्याच सुमारास ह्यूस्टनशी सौदा करून, हाती असलेली फिनिक्सची पिकं देऊन, २०२५ चा स्वॅप रद्द करून घेतला आणि २०२६ चं स्वतःचं पिक परत मिळवलं. स्वतःचीच वस्तू दुसऱ्याकडून विकत घेतली. बाहेरून पाहणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. पण हरण्याची वर्षं येणार हे त्यांना दिसत होतं, आणि या खेपेला ती वर्षं स्वतःच्या खात्यावर हवी होती.

पुढच्या हंगामात २६ विजय. सोडतीत नशीब फारसं साथीला नव्हतं, क्रमांक आठवा आला. २५ जून २०२५ रोजी पहिली फेरी झाली ती बार्कलेज सेंटरमध्येच. बारा वर्षांपूर्वी जिथे त्यांनी भविष्य विकायला काढलं होतं, त्याच छताखाली नेट्सने एका रात्रीत पहिल्या फेरीचे पाच खेळाडू निवडले. एका संघाने पहिल्या फेरीत पाच खेळाडू घेण्याचा हा एनबीएचा विक्रम.