खाज थांबली म्हणजे बरं झालं?

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात नदीचं पाणी पादुकांवरून वाहिलं, म्हणजे दक्षिणद्वार झालं, की शिरोळ तालुका पुराच्या तयारीला लागतो. २००५, २०१९, २०२१ : कृष्णा-पंचगंगेनं नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि आसपासची गावं किती वेढली, ते इथल्या भिंतींवरच्या खुणा सांगतात. पाणी ओसरतं, पण ओल राहते. मग सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत केसपेपर घेऊन उभ्या असलेल्या रांगेत खाजवणारी माणसं वाढतात. पायाच्या बोटांत चिखल्या, जांघेत गजकर्ण, लेकरांच्या हातांवर खरूज, खाजवून पिकलेले फोड.

गरीब आणि विकसनशील देशांत सगळीकडे साधारण हेच चित्र दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली अशा देशांतल्या मुलांच्या त्वचारोगांचा आढावा घेतला. त्यात पुढं आलेले मुख्य आजार होते पू होणारे फोड, खरूज आणि डोक्यातलं गजकर्ण. दाटीची घरं, अपुरं पाणी, एकाच चादरीत झोपणारी भावंडं ही त्यामागची कारणं.

आपल्याकडच्या गजकर्णाची गोष्ट मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत बिघडली. पूर्वी चार आठवडे मलम लावलं की ते जायचं. आता उसाला पाणी पाजून ओल्या कपड्यांनी घरी आलेला माणूस कमरेवर तळहाताएवढा चट्टा दाखवतो आणि खिशातून पिळून चपटी झालेली ट्यूब काढतो. "ही लावली की दोन दिसांत थांबतंय बघा. सोडली की परत हाय तसंच."

त्या ट्यूबमध्ये गजकर्णाच्या बुरशीवरच्या औषधाबरोबर बहुतेक वेळा क्लोबेटासोलसारखं जोरकस स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड शरीराचा प्रतिकारच दाबून टाकतं. लाली जाते, खाज थांबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. गजकर्णाची ओळखीची लाल गोल कड पुसट होते, त्यामुळे डॉक्टरचीही फसगत होते. महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ पडते, जांघेत कायमचे वळ उठतात. केंद्र सरकारनं २०१८ साली अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही शेजाऱ्यानं सुचवलेली ट्यूब मेडिकलमधून घरात येतेच.

त्यातच टर्बिनाफिन या हुकमी औषधाला दाद न देणारी बुरशी पसरली. २०२० साली तिचं नामकरण झालं : ट्रायकोफायटन इंडोटिनिए. नावातच हिंदुस्थान आला. आज ती युरोप-अमेरिकेतही सापडते. हे नाव वाचून मला वाईट वाटतं.

खरजेचं गणित याच्या उलट आहे. तिचा किडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार-सहा आठवडे लागू शकतात. म्हणून आई लेकराला दाखवायला आणते आणि "आमाला काय न्हाई" म्हणते, तेव्हा तिच्याही बोटांच्या बेचक्यात किडा असू शकतो. पर्मेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून तळव्यापर्यंत लावायचं, सकाळी आंघोळ करायची आणि आठवड्यानं पुन्हा लावायचं. तान्ह्या बाळाला कसं लावायचं ते डॉक्टरांना विचारावं. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायचं. एवढं करूनही खाज दोन-तीन आठवडे टिकते. किडा मेलेला असतो, पण औषध लागू पडलं नाही असं समजून माणसं दवाखाना बदलतात.

आणि ज्याला खाजच नाही तो रांगेत येतच नाही. पाठीवर फिकट चट्टा, दुखत नाही, खुपत नाही, मग कामाचा खाडा कशाला करायचा? पण असा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. डिसेंबर २००५ मध्ये देशानं कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचं जाहीर केलं, पण रोग संपलेला नाही. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं. सहा महिने किंवा वर्षभर नेमानं घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर नसा जातात, बोटं वाकतात.

तपासणी अगदी साधी आहे. डॉक्टर कापसाचं टोक वळून घेतात, माणसाला डोळे मिटायला सांगतात. "स्पर्श झाला की तिथं बोट ठेवा." दंडावर टेकवलं, बोट बरोबर गेलं. मानेवर टेकवलं, तिथंही गेलं. मग चट्ट्यावर. माणूस डोळे मिटून, पुढच्या स्पर्शाची वाट पाहत तसाच बसून राहतो.